तोंडाला पाणी सुटतं तेव्हा

तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड. दाताखाली येताच कानाच्या खाली, गालाच्या मागच्या टोकाशी बारीकशी कळ येते ना? तिथेच सर्वांत मोठी लाळग्रंथी असते. तिला लाळ सोडायचा हुकूम मिळतो मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी नवव्या जोडीकडून. गंमत अशी, की चेहरा हलवणारी सातवी नस याच ग्रंथीच्या पोटातून जाते, पण तिला काहीच देत नाही! ती सांभाळते जबड्याखालची आणि जिभेखालची ग्रंथी. त्यासाठीचा तिचा धागा मधल्या कानातून, पडद्याला लागून जातो. कानाच्या ऑपरेशनमध्ये तो दुखावला, तर त्या बाजूच्या जिभेची चवही बिघडते.

मानेतून रक्तवाहिन्यांच्या सोबतीने येणाऱ्या नसाही आहेत. त्यांच्यामुळे सुटणारी लाळ थोडी आणि घट्ट. भीतीने तोंडाला कोरड पडते, ती मात्र मेंदू पहिला हुकूमच आवरता घेतो म्हणून.

कानाजवळच्या ग्रंथीचं ऑपरेशन झालेल्या काहींना जेवताना गालावर घाम फुटतो. तुटलेले तंतू पुन्हा वाढताना वाट चुकतात आणि त्वचेतल्या घर्मग्रंथींना जाऊन मिळतात.