ताटातलं औषध (भाग 7) : बाभळीची काडी आणि मोडाची मटकी

बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, सकाळी बाभळीची काडी चावत बसलेली म्हातारी माणसं अजून दिसतात. टोक दाढेखाली चावून कुंचला करायचा, मग दात घासायचे. रस उतरला की जीभ कोरडी पडते, गाल आत ओढल्यासारखे होतात. हा तुरटपणा सालीतल्या टॅनिनचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. हिरडीही वरवर आवळल्यासारखी होते. ‘हिरड्या घट्ट झाल्या’ म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं.

हिरडी सुजते ती मात्र दाताच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या थरामुळे. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो यांनी निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणं सुरू झाल्यावर त्या पुन्हा बऱ्या झाल्या. तेव्हा काडीचा खरा गुण मला तरी रसापेक्षा कुंचल्यात दिसतो.

मग हिरडीला आतून पोसणारं वनस्पतीतलं द्रव्य कोणतं? सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो जुन्याच ‘क’ जीवनसत्त्वाचा. हिरडी उभी असते कोलॅजनच्या धाग्यांवर आणि ‘क’ नसेल तर त्या धाग्यांना पीळ बसत नाही. हिरडीत हे धागे सतत झिजतात, नवे तयार होतात. त्यामुळे तुटवडा पडला की बोभाटा तिथे लवकर होतो.

याचा फटका मराठी पलटणींनी सोसलेला आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात, इराकमधल्या कुत इथे तुर्कांच्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी फौजेची सहावी पुणे डिव्हिजन अडकली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. ताजी भाजी संपली. घोड्याचं मांस बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापायी बराच काळ नाकारलं आणि त्यांच्यात ‘क’च्या तुटवड्याने होणारा स्कर्व्ही पसरला. हिरड्या फुगून रक्ताळणं हे त्याचं ठळक लक्षण. त्याच महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक स्कर्व्हीवर उतारा शोधत होत्या. कोरड्या कडधान्यात ‘क’ जवळजवळ नसतं, पण भिजवून मोड आणले की ते तयार होतं, हे त्या कामातून पुढे आलं. आपल्याकडे मटकी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. फक्त त्या मोडांची उसळ तासभर रटरटत ठेवली तर बरंचसं ‘क’ जातं. मूठभर कच्चे मोड, कांदा आणि वर लिंबू, हे बरं.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला रोज 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम ‘क’ लागतं. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे 200 मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा पेरू पुरे. आवळा त्याच्याही वरचढ. जळगाव जामोद, संग्रामपूरकडे संत्र्याच्या बागा आहेत, हिवाळ्यात अडचण नाही. उन्हाळ्यात भाजी महागते आणि ताटात भाकर, पिठलं, ठेचा एवढंच उरतं, तेव्हा मोडाची मटकी आठवावी.

एकट्या ‘क’वर सगळं चालतं असंही नाही. जर्मनीत फ्रायबुर्गच्या दंतवैद्यांनी 2016 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. साखर-मैदा कमी, भाजी-फळं आणि ओमेगा-3 जास्त, असा आहार चार आठवडे दिला. दात घासण्याची पद्धत तीच असूनही हिरड्यांतून रक्त येणं सुमारे निम्म्यावर आलं. माणसं मोजकी होती, तरी दिशा कळते. हळदीच्या गोळ्यांबद्दल मी इतकं ठामपणे बोलणार नाही. हळदीतलं कुरक्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं.

दातावर दगडासारखं बसलेलं कीट मात्र ना पेरूने निघतं ना काडीने. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. हिरडीखालचं हाड एकदा झिजलं की आपोआप भरून येत नाही. मधुमेह असेल तर ही तपासणी लांबवू नये, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणं अवघड जातं. बिडी ओढणाऱ्यांनी तर ‘आमच्या हिरड्यांतून कुठे रक्त येतं?’ म्हणून निर्धास्त राहूच नये. धूम्रपानाने हिरडीतून रक्त येणं कमी होतं, त्यामुळे आतून हाड झिजत असलं तरी बाहेर पत्ता लागत नाही.