एकेरी तिकीट आणि प्रवाशाचा हेतू

जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील एखादे वृद्ध दांपत्य मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघते, तेव्हा परतीचा दिवस त्यांना सांगता येत नाही. म्हणून तूर्त जाण्याचेच तिकीट काढावे, असा विचार साहजिकच पुढे येतो. त्यात लबाडी नसते. तथापि हेच एकेरी तिकीट परक्या देशाच्या सीमेवर निराळ्या रीतीने वाचले जाते. ते स्वतः गुन्हा नव्हे. प्रवाशाच्या हेतूविषयीचा तो एक पुरावा होय.

पर्यटक म्हणजे परत जाणारा पाहुणा, ही सर्वच प्रवेशकायद्यांची गृहीत कल्पना आहे. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यानुसार पर्यटक-व्हिसाचा अर्जदार उलट सिद्ध करीपर्यंत स्थायिक होऊ इच्छिणाराच मानला जातो. म्हणजे पुराव्याचा भार प्रवाशावर पडतो. व्हिसा मिळालेल्या भारतीय पर्यटकाने परतीचे तिकीट दाखविलेच पाहिजे, असा स्पष्ट नियम तेथे नाही. परंतु व्हिसा हाती असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय विमानतळावरील अधिकारीच करतो, आणि ‘परत केव्हा जाणार?’ हा प्रश्न तो विचारतोच.

युरोपातील शेंगेन देशांच्या २००९ च्या व्हिसासंहितेने हा पुरावा अधिक उघड करून मांडला आहे. परतीचे आरक्षण, आर्थिक ऐपत, नोकरी, स्थावर मालमत्ता आणि कौटुंबिक संबंध ही तीत सांगितलेली साधने होत. महसुलासाठी ठेवला जाणारा रावेर-यावलकडील बागायतदाराचा सातबारा येथे अनपेक्षितपणे परतीची हमी ठरतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही आणि जो नुकताच पदवीधर झाला आहे, अशा तरुणापाशी मात्र परतीच्या तिकिटाखेरीज दाखविण्याजोगे फारसे नसते. ज्याला दुहेरी भाडे भरणे जड, त्याच्याच बाबतीत त्या तिकिटाला सर्वाधिक वजन यावे, ही या व्यवस्थेतील विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

तिकीट प्रथम तपासतो तो मात्र परका अधिकारी नव्हे, तर मुंबईच्या विमानतळावरील विमानकंपनीचा कारकून. १९४४ च्या शिकागो करारान्वये झालेल्या नियमांनुसार प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याची जबाबदारी कंपनीवर येते, आणि अनेक देश तिला दंडही करतात. भारतानेही २००० साली योग्य कागदपत्रांवाचून प्रवासी आणणाऱ्या वाहकास एक लाख रुपये दंडाचा कायदा केला; २०२५ च्या नव्या आप्रवासन कायद्याने त्याची जागा घेतली. शंका आली की कारकून आपल्या मालकाचे नुकसान टाळतो. रात्रभर रेल्वेने आलेला जळगावचा प्रवासी मग परदेश न पाहताच माघारी फिरतो. आणि अशा नकाराविरुद्ध दाद मागावी कोठे, हेही त्याला कळत नाही.

एका बाबतीत अडवणूक आपल्याच शासनाकडून होऊ शकते, आणि तिला सबळ कारण आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास-तपासणीचा शेरा असतो. असा मनुष्य आखाती व इतर ठराविक देशांत नोकरीशिवाय अन्य कारणाने जात असेल, तर व्हिसाबरोबर परतीचे तिकीटही दाखवावे, असे २००७ साली ठरविण्यात आले. पर्यटक म्हणून जाऊन मजुरी करणाऱ्यास १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमाचे संरक्षण मिळत नाही. करार नसल्याने वेतन बुडाले तरी हाती कागद नसतो.

यावर उपाय म्हणून दाखविण्यापुरते आरक्षण करून ते रद्द करण्याची युक्ती पुष्कळदा सुचविली जाते. ती एकेरी तिकिटाहून घातक आहे. एकेरी तिकिटाचे कारण सांगता येते. खोटा कागद उघडकीस आला की अमेरिकेसारख्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. त्यापेक्षा तारीख बदलता येणारे परतीचे तिकीट थोडे महाग पडले तरी बरे. बाळंतपणास निघालेल्या दांपत्याने व्हिसाच्या मुदतीत बसेल अशी अंदाजी तारीख घालावी, आणि ती अंदाजी का आहे, हे विचारल्यास सरळ सांगावे.