मोटार पेट्रोल जास्त का खाते? सेन्सरचा दोष ओळखण्याची रीत

नव्या पेट्रोल मोटारीत इंजिनास किती पेट्रोल द्यावयाचे, हे एक छोटा संगणक ठरवितो. इंजिनाचे तापमान, आत येणारी हवा व धुरातील प्राणवायू यांची खबर त्यास सेन्सर देतात. खबर खोटी असल्यास तापलेले इंजिनही थंड समजून संगणक जादा पेट्रोल सोडतो.

दोषाची लक्षणे : काळा धूर, पेट्रोलचा वास व प्लगवर कोरडी काजळी. ही लक्षणे नसता खर्च वाढला असेल, तर प्रथम चाकांतील हवा, चिकटणारे ब्रेक व पेट्रोलची गळती तपासावी.

दुर्लक्ष केल्यास न जळलेले पेट्रोल वंगणात उतरून इंजिन झिजते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही अतिशय तापतो. अशी मोटार उसाच्या पाचटावर उभी केल्यास आगीचा धोका असतो.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. मोटार रात्रभर सावलीत उभी ठेवावी. सकाळी इंजिन सुरू न करता, फक्त चावी फिरवून, स्कॅनरवर कूलंटचे व आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. दोन्ही जवळजवळ सारखे असावे. सोलापुरात उणे ४० अंश दिसल्यास सेन्सरची तार तुटली आहे किंवा जोड सुटला आहे, असे बहुधा समजावे.

२. इंजिन चांगले चालवूनही कूलंटचे तापमान वाढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे काय, हेही पाहावे. तसे असल्यास इंजिन खरोखरच थंड राहते. सेन्सर निर्दोष असतो.

३. सर्वसाधारण ऑक्सिजन सेन्सरचा दाब तापलेल्या इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्ट असा सतत खालीवर होतो. काळा धूर असून तो ०.१ वरच राहिल्यास सेन्सर, त्याची तार किंवा त्याच्या अलीकडील फुटका धूरनळ तपासावा. तो ०.९ वरच राहिल्यास सेन्सर बहुधा खरेच सांगत असतो. दोष गळक्या इंजेक्टरमध्ये, पेट्रोलच्या जादा दाबात किंवा अन्य सेन्सरमध्ये शोधावा.

तेव्हा, जो सेन्सर तक्रार नोंदवितो तोच दोषी, असे मानून तो बदलू नये. त्याने पैसा जातो व दोष तसाच राहतो. प्रथम जोड स्वच्छ करून पुन्हा मोजणी करावी. दुरुस्तीपूर्वी व नंतर टाकी पूर्ण भरून किलोमीटर व लिटर यांची नोंद ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही रीत शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावी.