मामंजींचा आकडा

प्रोस्टेट हा शब्द आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी आला. मामंजींची ती गाठ ऑपरेशन करून काढली आणि आम्ही निर्धास्त झालो. ग्रंथी काढल्यावर रक्तातला पी.एस.ए. जवळजवळ शून्य हवा. तो यंदा लागोपाठ दोनदा ०.२ च्या वर गेला. म्हणजे दुखणं परतलं होतं.

ह्यांनी आणि भाऊजींनी रिपोर्ट कपाटात दडवला. दार लावून खलबतं सुरू झाली. मामंजींना कळायचं ते कळलंच. म्हणाले, "मी काय आंब्याची पेटी आहे, तुम्ही ठरवाल त्या गाडीत चढवायला?"

मग मात्र आम्ही त्यांनाच पुढे बसवून डॉक्टरांना सारं विचारलं. (मैत्रिणींनो, प्रश्न कागदावर लिहून न्या. तिथे एकही आठवत नाही.)

आकडा फार हळू वाढत असेल, वयही झालेलं असेल, तर नुसती नजर ठेवता येते. मामंजींचा भराभर वाढत होता. दुसरी वाट हार्मोन तोडण्याची. पुरुषी हार्मोनवर हा रोग पोसतो, हे हगिन्स यांनी १९४१ साली दाखवलं. १९६६ त त्यांना नोबेल मिळालं. त्यासाठी महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर वृषणं एकदाच काढून टाकायची. हे दुसरं स्वस्त, पण परतीची वाट नाही. शिवाय रोग दबतो, मुळासकट जात नाही. हाडं ठिसूळ होतात आणि पाळी जाताना आपल्याला येतात तशा गरम वाफा पुरुषाला येतात! हे ऐकून सासूबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

तिसरी वाट शेकाची, म्हणजे रेडिएशनची. आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. लघवीचा, शौचाचा त्रास होऊ शकतो. पण रोग तेवढ्याच जागी असेल तर समूळ बरं होण्याची आशा इथेच.

"आंबा उतरल्यावर आलो तर?" मामंजींनी विचारलं. आकडा खाली असतानाच गुण जास्त, असं डॉक्टर म्हणाले.

दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पावसची बाग कराराने देऊन आले. चाळीस वर्षांत प्रथमच.

आता मुक्काम लालबागला, वन्संकडे. तिथून परळचं टाटा रुग्णालय जवळ. सासूबाईही गेल्या आहेत. नाचणीचं पीठ, आमसुलं सगळं आठवणीने नेलं. स्वतःचं गुडघ्याचं तेल मात्र इथेच राहिलं. ते कुणाबरोबर तरी पाठवायचं आहे.