तपास संपेपर्यंत थांबायचं नाही

माझ्या मुलाच्या वडिलांवर त्यांच्याच कंपनीने पैशांच्या अफरातफरीची फिर्याद दिली, तेव्हा आमचा घटस्फोट होऊन बराच काळ लोटला होता. मी वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ राहते. इथली मराठी वस्ती जुनी, एकमेकांना ओळखणारी. ही बातमी मला खंडेराव मार्केटमध्ये भाजी घेताना एका ओळखीच्या बाईंकडून कळली. तेव्हापासून तपास सुरूच आहे. अटक नाही, आरोपपत्र नाही, प्रकरण बंद झाल्याचंही कोणी सांगत नाही.

अशा वेळी घटस्फोटित बाईला कोणी काही समजावून सांगत नाही. ती आरोपीची बायको नसते, फिर्यादीही नसते. पण तिच्या मुलाच्या नावापुढे वडिलांचंच नाव आणि आडनाव असतं, आणि दर महिन्याची पोटगी त्याच माणसाकडून यायची असते. म्हणून वकिलांना विचारून आणि कायदा वाचून मला जे समजलं, ते इथे मांडते आहे.

नव्वद दिवसांचा गैरसमज

‘नव्वद दिवसांत काय ते ठरेल,’ असं नात्यातले काका सांगतात, शेजारीही सांगतात. तसं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार आरोपी कोठडीत असेल आणि ६० दिवसांत, किंवा गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत, आरोपपत्र आलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. तपास मात्र पुढे चालू राहतो. अटकच झाली नसेल, तर हे दिवस मोजायला सुरुवातही होत नाही. तपास विनाकारण न लांबवता पुरा करावा, एवढंच कायदा म्हणतो. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांसाठी दोन महिन्यांची मुदत आहे. पैशांच्या गुन्ह्यांना तशी मुदत नाही. बँकांचे उतारे, हिशेबांची तपासणी, सह्यांवर तज्ज्ञांचा अभिप्राय, यात महिने जातात.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निकाल आहे, आणि तो महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांच्या खटल्यातला. १९९१ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं, की जलद न्यायाचा हक्क तपासाच्या टप्प्यालाही लागू आहे. मात्र सर्व प्रकरणांना एकच ठरावीक मुदत घालून द्यायला न्यायालयाने नकार दिला. फार उशीर झाला, तर आरोपी उच्च न्यायालयात दाद मागू शकतो. ती लढाई त्याची आहे, माझी नाही.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला, हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत कळवायचं असतं, ते फिर्यादीला किंवा पीडिताला. मी दोन्हींत बसत नाही. मला कळवण्याचं बंधन कोणावरच नाही, हे स्पष्ट झालं तेव्हा माझी वाट पाहण्याची घालमेल कमी झाली.

तपासाचे शेवट दोन प्रकारचे. एक, आरोपपत्र न्यायालयात जातं. दुसरा, पोलीस प्रकरण बंद करायचा अहवाल देतात. जुन्या मुंबई प्रांताच्या पद्धतीमुळे गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हीकडे त्याला ‘समरी’ म्हणतात: गुन्हा खरा पण छडा लागला नाही तर ‘ए’, तक्रार खोटी निघाली तर ‘बी’, गैरसमजातून झाली किंवा मामला दिवाणी निघाला तर ‘सी’. तो अहवाल मान्य करायचा की नाही, हे मॅजिस्ट्रेट ठरवतात. आरोपपत्रानंतरही अधिक तपास होऊ शकतो.

बोलावणं आलं तर

साक्षीदार म्हणून पोलिसांना माझं निवेदन हवं असेल, तर त्यांनी लेखी आदेश द्यायला हवा, आणि बाईला तिच्या राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायची सक्ती करता येत नाही. हे त्याच संहितेचं कलम १७९. स्वतःहून ठाण्यात जायचं असेल तर जाता येतं. पोलिसांपुढे दिलेल्या निवेदनावर सही करायची नसते. ज्या उत्तराने आपणच गुन्ह्यात अडकू, ते उत्तर देणं बंधनकारक नाही. बाकीचं मात्र खरंच सांगायचं.

लग्न असताना नवऱ्याने आपल्याला जे सांगितलं, ते घटस्फोटानंतरही कोर्टात सांगायची सक्ती होऊ शकत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १२८ मध्ये तसं संरक्षण आहे. नवराबायकोच्या आपसातल्या दाव्यांत ते लागू होत नाही. आपण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींना आणि घटस्फोटानंतरच्या बोलण्याला ते संरक्षण नाही. म्हणून प्रकरणाबद्दल मी मुलाच्या वडिलांशी फोनवर बोलत नाही, मुलाबद्दल बोलते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा त्यासाठीचा क्रमांक.

पैसा आणि मूल

घटस्फोटानंतर राहून गेलेलं संयुक्त खातं असेल, तर ते आधी निकाली काढावं. तपासात पोलीस बँक खातं गोठवू शकतात, आणि मग त्यातले आपले पैसेही अडकतात.

चौकशी सुरू झाली म्हणून पोटगीचा आदेश आपोआप रद्द होत नाही. तो बदलायचा तर न्यायालयाकडेच जावं लागतं. थकलेली रक्कम नागरिक सुरक्षा संहितेखाली वसूल करायची, तर ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. मुलाच्या भेटीचा आदेशही न्यायालय बदलेपर्यंत कायम राहतो. आरोप म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे मला माझ्या रागाच्या भरातही पाळावं लागतं.

मुलगा आठवीत आहे. ‘बाबांनी खरंच पैसे घेतले का?’ असं त्याने विचारलं. मी सांगितलं, ‘मला माहीत नाही. पोलीस शोधताहेत, ठरवणार कोर्ट. शाळेत कोणी विचारलं तर “आईला विचारा” म्हण. यात तुझं काही चुकलेलं नाही.’ मुलाला खोटा दिलासा दिला, की पुढे तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

मनाचं काय?

२०१६ साली युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ४५ जणांवर एक प्रयोग केला. हाताला हलका विजेचा झटका बसणार हे पक्कं माहीत असताना जेवढा ताण आला, त्याहून अधिक ताण झटका बसण्याची शक्यता निम्मीच असताना आला. वाईट बातमीपेक्षा अधांतरी राहणं जड जातं, हे आपल्या दुबळेपणाचं लक्षण नाही. मनाची घडणच तशी आहे.

मी काही नियम घालून घेतले आहेत. चौकशी महिन्यातून एकदाच करायची, तीही एकाच माणसाकडे, मुलाच्या वडिलांच्या धाकट्या भावाकडे. त्यांना मी अजून भावजीच म्हणते. ‘भावजी, काही नवं?’ ‘नाही वहिनी, तपास चालू छे, एवढंच सांगतात.’ मग तो विषय पुढच्या महिन्यापर्यंत बंद. बाजारात विचारणाऱ्यांना एकच उत्तर: ‘ते कोर्ट बघेल.’ झोप उडाली, तेव्हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन केला आणि बोलून बरं वाटलं. त्या माणसाची काळजी वाटते, याचीही मी लाज बाळगत नाही. ज्याच्यासोबत संसार केला, त्याचं वाईट व्हावं असं वाटलंच पाहिजे, असा कुठे कायदा नाही.

‘घटस्फोट झाला ना, मग तुला काय त्याचं?’ असं आत्या म्हणते. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या राज्यात हिंदू घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीच झाला. देशभराला हिंदू विवाह कायद्यासाठी १९५५ पर्यंत थांबावं लागलं. कायदा नातं संपवू शकतो, मुलामधून वाहणारं नातं नाही. त्यामुळे काळजी राहणारच. पण निर्णय थांबवू नयेत. मुलाचा क्लास, भाड्याचं घर बदलणं, माझी बढतीची परीक्षा, यांतल्या कशालाही आरोपपत्राची गरज नव्हती. तुम्हीही तुमच्या अडलेल्या कामांची यादी करा, प्रत्येकापुढे ‘याला तपासाचा निकाल लागतो का?’ असं विचारा, आणि ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल ते काम याच आठवड्यात हाती घ्या.