हुबळीचं काम आणि कलघटगीचा पाळणा

ऑफिसच्या कामाला हुबळीला जायचं म्हटलं की धारवाडी पेढा आणि हुबळी स्टेशनचा १५०७ मीटर लांबीचा प्लॅटफॉर्म, एवढंच बहुतेकांना सुचतं. माझी मीटिंग दुपारीच आटोपली आणि गाडी रात्रीची होती. मी कारवारच्या रस्त्याने कलघटगी गाठली. तीसेक किलोमीटरचाच रस्ता, पण काळं रान मागे पडून भाताची खाचरं नि झाडी सुरू होते. इथूनच मलनाड लागतं.

गाव तसं साधं, तालुक्याचं. पण उत्तर कर्नाटकात पाळणा म्हणजे कलघटगीचाच! सागवानी लाकूड, त्यावर लाखेचे रंग, आणि फळ्यांवर कृष्णाच्या बाललीला नाहीतर रामायण. सावंतवाडीची खेळणी पाहिलेल्यांना ती झळाळी ओळखीची वाटेल. लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी राळ. तिचा रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, म्हणून एकाच पाळण्यात आजी, आई नि नात वाढल्याचं इकडे सर्रास ऐकायला मिळतं. मुलीच्या बाळाला पाळणा माहेरून जातो, हे अगदी आपल्यासारखंच.

'केजीएफ'वाला यश तुम्हाला माहीत असेलच. त्याच्या बाळासाठी ज्येष्ठ अभिनेते अंबरीश यांनी इथेच पाळणा सांगितला होता. नोव्हेंबर २०१८मध्ये ते गेले, डिसेंबरमध्ये मुलगी झाली, आणि पाळणा त्यांच्या पश्चात पोहोचला.

मला हे आठवलं, कारण माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय. सगळं काम हाताचं, त्यामुळे पाळण्याला महिने लागतात. करणारी घरंही आता मोजकीच उरलीत. तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "बाळ यायच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही हं!"

कारागीर आजोबांना मोडक्या हिंदीत अडचण सांगितली. ते हसले. "अक्का, सगळ्यांच्या आया हेच म्हणतात. आत्ता सांगून ठेवा, बाळ झाल्यावर न्या." मग त्यांनीच विचारलं, कडी आहे का घरात? फ्लॅटला कुठली तुळई! तेव्हा स्टँडसकट करायचं ठरलं.

विसार देऊन निघाले. चित्रं बहिणीने निवडायची आहेत. तिला गोकुळ हवंय, आणि मेहुण्यांना एका फळीवर हत्ती.