लाल रानमुंगीचे वारूळ

मुलांनो, साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या मुंग्या तुम्ही नेहमी पाहता. पण माणसाच्या कमरेइतके उंच वारूळ बांधणारी मुंगी तुम्हांला माहीत आहे का? ती युरोपातील जंगलांत राहते. तिचे शास्त्रीय नाव ‘फॉर्मिका रूफा’. आपण तिला लाल रानमुंगी म्हणू.

त्या जंगलांत पाइन, स्प्रूस अशी झाडे असतात. त्यांची पाने सुईसारखी असतात. खाली पडलेली ही पाने व काड्या एकेक करून आणून मुंग्या वारूळ रचतात. एका वारुळात लाखाहून अधिक मुंग्या असू शकतात. थंडीत त्या जमिनीखाली खोल जाऊन राहतात. थंडी सरली, की बाहेर येऊन उन्हात अंग तापवतात आणि ती ऊब आत नेतात.

या मुंगीला ऊन हवे, तशीच झाडेही हवीत. आपल्याकडे कापसावर मावा पडतो, तसा तिथल्या झाडांवरही मावा असतो. तो गोड रस सोडतो. हा रस मुंग्यांचे मुख्य अन्न आहे. शिवाय त्या पाने खाणाऱ्या अळ्या मारून आणतात. त्यामुळे झाडांचेही रक्षण होते.

आता पाहा, सगळी झाडे एकदम तोडली, तर मुंग्यांचे अन्न संपते. झाडे फार दाट वाढली, तर वारुळावर सावली पडते आणि ते थंड होते. रस्त्यांमुळे व घरांमुळे जंगलाचे तुकडे होतात. पूर्वी तर पाळीव पक्ष्यांना खाऊ घालण्यासाठी लोक वारुळे उकरून मुंग्यांचे कोश विकत असत.

तुम्ही म्हणाल, “एक वारूळ मोडले तर मुंग्या दुसरे बांधतील!” पण हे सोपे नाही. नवी राणी एकटी वारूळ वसवू शकत नाही. तिला जुन्या वारुळात किंवा दुसऱ्या जातीच्या मुंग्यांच्या घरात आसरा घ्यावा लागतो.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या मुंगीची नोंद धोक्याच्या जवळ आलेल्या जातींमध्ये केली. जर्मनीत तिला कायद्याचे संरक्षण आहे. बांधकामाच्या वाटेत वारूळ आले, तर जाणकार माणसे ते राणीसह काळजीपूर्वक उचलून दुसरीकडे नेतात.

आता तुम्हीच सांगा, झाडे उभी दिसली, म्हणजे जंगलातील सारे जीव सुखरूप आहेत, असे म्हणता येईल का?